एकाच झाडाची तीन तेलं: कोकणात सुगंधी तेल काढताना त्याची घडण कशी सांभाळावी

श्रावणात पातोळे उकडायला ठेवले आणि झाकण उचललं की जो दरवळ येतो, तो हळदीच्या पानाचा. त्याच रोपाचा गड्डा उकडून, वाळवून कुटायला घेतला की वास निराळा, उग्र आणि मातकट. रोप एक, जमीन एक, पाऊस एक, तरी पानाच्या तेलात अल्फा-फेलँड्रिनसारखी हलकी, ताजी द्रव्यं पुढे असतात, तर गड्ड्याच्या तेलात टर्मेरोन ही जड द्रव्यं. मोदकपात्र म्हणजे तेल काढायची छोटी भट्टीच आहे. खाली पाणी उकळतं, वाफ पानातून वर जाते, जाताना पानातलं तेल सोबत नेते आणि झाकणाला लागून थंड झाली की थेंब होऊन खाली येते.

आमची भट्टी लांजा तालुक्यात आहे. गवती चहा हे मुख्य पीक, शिवाय दालचिनीची पानं आणि थोडा वाळा. तेल काढायला शिकणं अवघड नाही. दर वेळी सारख्याच घडणीचं, म्हणजे द्रव्यं त्याच प्रमाणात असलेलं तेल काढणं अवघड आहे. सुरुवातीची दोन वर्षं मी बिघाड भट्टीत शोधत होते, आणि तो बहुतेक वेळा रानात किंवा खळ्यात झालेला असायचा. तेल रोपानं आधीच बनवलेलं असतं. भट्टीला ते एक तर जपता येतं, नाहीतर नासवता येतं. म्हणून हा लेख रानापासून सुरू करते. पाच-दहा गुंठ्यांत गवती चहा लावणाऱ्यांना किंवा माडाखाली मसाल्याची झाडं असणाऱ्यांना तो उपयोगी पडेल.

पहिली पायरी: कुठलं द्रव्य हवं आहे ते ठरवा

‘गवती चहाचं तेल’ हे नाव झालं. घेणारा त्यातल्या सिट्रलचे पैसे देतो. लिंबासारखा तो वास सिट्रलचा. 1893 मध्ये टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सिट्रलपासून आयोनोन बनवलं, म्हणजे व्हायोलेट फुलाचा वास. पुढे त्याच वाटेनं ‘अ’ जीवनसत्त्वही कारखान्यात बनू लागलं. आपल्या बांधावरच्या गवताला जगभर गिऱ्हाईक आहे ते यामुळे. चांगल्या तेलात सिट्रल 70 ते 80 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. लवंगेत आणि दालचिनीच्या पानात युजेनॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, वाळ्यात खुसिमॉल आणि व्हेटिव्होन अशी प्रत्येकाची मानाची द्रव्यं ठरलेली आहेत. ही तेलं घेणारा काय तपासणार आहे ते लागवडीआधीच विचारून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

बेणं

आपल्या परसात चहात टाकायला जो गवती चहा असतो, तो बहुधा सिंबोपोगॉन सिट्रॅटस. तेलासाठी केरळात आणि इतरत्र जो लावतात, तो सिंबोपोगॉन फ्लेक्झुओसस. ओडक्कालीच्या संशोधन केंद्राचा ओडी-19 आणि लखनऊच्या सीमॅप संस्थेचा कृष्णा हे त्याचे वाण. पात चुरगाळली तर दोन्हींचा वास जवळपास सारखा येतो, पण तेलात फरक आहे. परसातल्या जातीच्या तेलात मायर्सिन बरंच असतं. या मायर्सिनचे रेणू साठवणीत एकमेकांना चिकटून जड साखळ्या करतात. मग जुनं तेल 70 टक्के अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, गढूळ होतं. अत्तरवाल्याला ते नको असतं. शेजाऱ्याकडून फुकट मिळतात म्हणून ठोंब आणले आणि वर्षभरानं हे कळलं, तर अख्खं रान उपटावं लागतं.

बियांऐवजी ठोंबच लावा. बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत, प्रत्येकाच्या तेलाची घडण थोडी थोडी वेगळी असते. ठोंब म्हणजे आईचीच नक्कल.

तुळशीच्या बाबतीत ही गोष्ट आणखी ठळक दिसते. दिसायला सारख्याच दोन तुळशी असतात, पण एकीच्या तेलात युजेनॉल भरपूर, तर दुसरीच्या तेलात मिथाइल युजेनॉल. याला रासायनिक प्रकार म्हणतात. जात तीच, पण रोपाच्या आतला कारखाना वेगळा माल काढतो. कृष्ण तुळस की राम तुळस, हे पानाच्या रंगावरून सांगता येतं, तेल मात्र रंगावरून ओळखता येत नाही. मिथाइल युजेनॉलवर युरोपात सौंदर्यप्रसाधनांसाठी कडक मर्यादा आहेत. त्यामुळे तुळस मोठ्या प्रमाणावर लावायची असेल, तर आधी थोड्या रोपांचं तेल काढून तपासून घ्या. एवढ्या एका तपासणीचा खर्च वाचवू नका.

झाडाचा कुठला भाग

शीर्षकातलं झाड म्हणजे दालचिनी. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राच्या ‘लाखी बाग’ पद्धतीनं माडांच्या मधे दालचिनी, जायफळ, मिरी लावलेली वाडी आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवी राहिलेली नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण तेज’ हा दालचिनीचा वाण अनेकांकडे आहे. त्याच झाडाची साल उकळली तर तेलात सिनॅमाल्डिहाइड वरचढ, साधारण 50 ते 75 टक्के. पानं उकळली तर युजेनॉल वरचढ, 70 ते 85 टक्के, आणि वास लवंगेकडे झुकतो. मुळाची साल उकळली तर कापूर. तिन्ही तेलांचे उपयोग वेगळे, भाव वेगळे.

त्यामुळे सालीच्या भट्टीत पानं जाऊ देऊ नका. साल काढताना फांद्यांचे शेंडे आणि पानं त्याच टोपलीत पडतात, आणि ‘थोडी गेली तर काय’ असं वाटतं. सालीच्या तेलात युजेनॉल प्रमाणाबाहेर दिसलं, की घेणाऱ्याला पानाच्या तेलाची भेसळ वाटते. तुम्ही मुद्दाम काही केलेलं नसतं, पण कागदावर ते भेसळच दिसतं. आम्ही दोन वेगळ्या रंगांच्या टोपल्या ठेवल्या, तेव्हा हा घोळ थांबला.

तिरफळाचं तेल काढायचं असेल तर आतलं काळं बी काढून टाका. वास सगळा टरफलात असतो, म्हणून तर बांगड्याच्या तिखल्यात आपण टरफलंच घालतो. जिभेला जी झिणझिणी येते ती मात्र तेलात उतरत नाही. ते द्रव्य वाफेवर उडत नाही, टरफलातच राहतं. तिरफळाचं तेल घेऊन ‘यात झिणझिणी नाही’ म्हणून कुणी परत आणलं, तर तेल खोटं आहे असं समजू नका.

वय, ऋतू आणि दिवसाची वेळ

कोकणात हा भाग सगळ्यात नाजूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गवती चहाची कोवळी पात आणि पुरी वाढलेली पात एक नव्हे. कोवळ्या पातीत जिरॅनाइल ॲसिटेट जास्त असतं. पात वाढते तसं ते कमी होतं आणि सिट्रल वाढतं. पात फार जून झाली, टोकाला तांबूस-पिवळी पडली, की किलोमागे मिळणारं तेलच घटतं. लागवडीनंतर पहिली कापणी तीन-चार महिन्यांनी करा, पुढच्या साधारण 50 ते 60 दिवसांच्या अंतरानं. जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटर ठेवून कापा. खालच्या पांढऱ्या दांड्यात तेल कमी असतं, तो कापून भट्टीत घातला तर जागा अडते आणि रानातला ठोंबही मरतो.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जे कोसळतं त्यात गवत झपाट्यानं वाढतं, हिरवंगार दिसतं आणि मन हरखून जातं. पण त्या पातीत पाणीच जास्त असतं. चांगल्या दिवसांत 100 किलो ओल्या गवतापासून 300 ते 500 ग्रॅम तेल मिळतं, आषाढात ते कमी होतं. ऊनही कमी. तेल बनवायला लागणारी साखर पानाला उन्हातून मिळते, आणि ढगाखाली आठवडे काढलेलं गवत तेलात कंजूष होतं. दिवाळीनंतर ऊन निघालं, जमिनीत ओल टिकून आहे, अशा दिवसांतली कापणी माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची. मार्च-एप्रिलमध्ये पाण्याचा थोडा ताण बसला तर किलोमागे तेल वाढतं, पण गवतच कमी येतं, आणि एकूण हिशेबात फायदा होतोच असं नाही. टक्केवारी बघून पाणी तोडू नका. गुंठ्यामागे एकूण किती तेल आलं, ते बघा.

सावलीचंही तसंच. दालचिनीला माडाची विरळ सावली चालते. गवती चहाला नाही. काजूच्या झाडांखाली लावलेलं गवत वाढतं, पण तेल देत नाही. खतातल्या नत्रानं गवताचं वजन वाढतं आणि त्यामुळे एकूण तेल वाढतं. घडण बदलण्यात त्याचा वाटा मात्र लहान, म्हणून त्यावर मी फार लिहीत नाही.

वाळ्याला घाई चालत नाही. मुळं 15 ते 18 महिन्यांची झाली की काढावी. कोवळ्या मुळांचं तेल पातळ, हिरवट वासाचं येतं, जड द्रव्यं अजून पुरती तयार झालेली नसतात. आमच्यासारख्या जांभ्याच्या सड्यावर मुळं खोल जात नाहीत आणि खणताना निम्मी तुटून आत राहतात. नदीकाठची वाळूमिश्रित जमीन असेल तर वाळा तिथे लावा, नाहीतर माती-वाळू भरलेले उंच गादीवाफे करा. लवंगेची कळी हिरवी सोडून गुलाबी होऊ लागली की, आणि उमलण्याआधी, खुडायची. एवढं पाळलं की पुरे.

दिवसाची वेळ म्हणाल, तर दंव पूर्ण वाळल्यावर, उन्हं कडक व्हायच्या आत कापणी उरका.

कापल्यापासून भट्टीपर्यंत

इथे मी एकदा मोठी किंमत मोजली. जुलै होता. तीनशे किलो गवत कापून ठेवलं, आणि रात्री कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीला, पाणी चढवणारा पंप बिघडला. तीन दिवस मिस्त्री आला नाही. गवत शेडमध्ये ढीग करून ताडपत्रीखाली ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर आत गरम, आणि आंबलेल्या वैरणीचा वास. तरीही भट्टी लावली, कारण एवढं गवत टाकवेना. तेल गडद आलं, सिट्रल खूपच उतरलेलं. खरेदीदारानं ते परत केलं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

कारण असं की ढीग आतून तापला की बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, हलकी द्रव्यं उडून जातात, आणि सिट्रल हे ॲल्डिहाइड गटातलं द्रव्य असल्यामुळे हवेनं पटकन बदलतं, त्याचं जिरॅनिक आम्ल होतं. तेव्हापासून आमचा नियम असा: गवत सावलीत, बांबूच्या माचावर, टीचभर जाडीच्या थरात पसरायचं आणि 24 तासांच्या आत भट्टीत घालायचं. एवढं सुकवणं फायद्याचंच. पाणी उतरतं, एका घाण्यात, म्हणजे भट्टीच्या एका फेरीत, जास्त गवत बसतं, इंधन वाचतं. उन्हात मात्र वाळवू नका.

गवत तोडून घालायचं की अख्खं, हे तेल पानात कुठे बसलंय त्यावर ठरतं. तुळशीचं तेल पानाच्या वरच्या बारीक ग्रंथींत असतं. नुसता हात लावला तरी ग्रंथी फुटून वास सुटतो. म्हणून तुळस न चुरता, हळुवार हाताळून अख्खी घाला. गवती चहाचं तेल पातीच्या आतल्या पेशींत असतं, तिथे वाफ पोचायला पातीचे तुकडे करावे लागतात. मुळं आणि साल यांना तर ठेचावंच लागतं. पण तुकडे केले की तासाभरात भट्टी पेटली पाहिजे, कारण उघड्या पेशीतून तेल उडू लागतं.

भट्टी

सिट्रल साधारण 229 अंशांना उकळतं, युजेनॉल 254 अंशांना. मग ती शंभर अंशांच्या वाफेवर येतात कशी? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, दोघं आपापला बाष्पदाब देतात, आणि दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं, तेही शंभराच्या किंचित खालीच. म्हणून वाफेवर तेल न जळता निघतं. हा फायदा आपण दोन चुकांनी घालवतो.

पहिली चूक म्हणजे माल पाण्यात बुडवणं. पान उकळत्या पाण्यात पडलं की ॲसिटेटसारखी एस्टर द्रव्यं पाण्यानं तुटतात. पाणी थोडं आंबट असेल तर काही द्रव्यांचं रूपच बदलतं. सॅबिनिन हे त्यातलं एक. तिरफळात ते भरपूर असतं आणि गरम आंबट पाण्यात त्याचं टर्पिनेन-4-ऑल होतं. तळाला लागलेलं पान करपतं ते वेगळंच. म्हणून माल पाण्याच्या वर धरणारी जाळी हवीच, आणि जाळी व पाणी यांच्यात वीतभर अंतर. बाहेरच्या बॉयलरची वाफ असेल तर उत्तम.

दुसरी चूक वेळेची. हलकी द्रव्यं आधी येतात, जड मागाहून. गवती चहाचं बहुतेक तेल पहिल्या तासाभरात येऊन जातं, दोन ते तीन तासांत भट्टी उतरवता येते. वाळ्याला 18 ते 24 तास द्यावे लागतात. बाराव्या तासाला ‘आता काही येत नाही’ म्हणून आग विझवली तर वाळ्याचा जो गाभा, तो मुळांतच राहतो. पहिल्या तासाचं आणि शेवटच्या तासाचं तेल निरनिराळ्या बाटल्यांत घेऊन एकदा वास घेऊन पाहा. दोन झाडांची तेलं आहेत असं वाटेल.

भांडं स्टेनलेस स्टीलचं असावं. युजेनॉल लोखंडाला लागलं की तेल काळं-जांभळं पडतं. एका पिकावरून दुसऱ्यावर जाताना रिकामी टाकी तासभर वाफेनं धुऊन घ्या. दालचिनीनंतर लगेच गवती चहा लावला तर तपासणीत ते दिसतं.

तेल वेगळं करणं

गवती चहाचं तेल पाण्यावर तरंगतं, हे सगळ्यांना माहीत असतं. लवंगेचं आणि दालचिनीच्या पानाचं तेल पाण्यापेक्षा जड असतं आणि तळाला बसतं, हे पहिल्यांदा करणाऱ्याला कुणी सांगत नाही. वरून तेल काढायचा सेपरेटर लावला तर खालचं तेल पाण्याबरोबर गटारात जातं. खाली तोटी असलेला सेपरेटर लावा. वाळ्याच्या तेलाचं वजन पाण्याच्या इतकं जवळ असतं की ते धड तरंगत नाही, धड बुडत नाही. कंडेन्सरमधून येणारं पाणी थोडं कोमट ठेवलं की ते सुटं होतं.

उरलेलं अर्कपाणी फेकू नका. युजेनॉल लिटरमागे साधारण दोन ग्रॅम पाण्यात विरघळतं. म्हणजे पाणी टाकून दिलं तर तेल तर कमी होतंच, शिवाय नेमकं मोलाचं द्रव्य आधी जातं. तेच पाणी पुढच्या घाण्याला जाळीखालच्या पाण्यात परत घाला.

साठवण

आपल्या दमट हवेत तेलात पाण्याचा अंश राहतोच. निर्जल सोडियम सल्फेट थोडं टाकून हलवा, रात्रभर ठेवा, गाळून घ्या. गढूळपणा गेला पाहिजे. मग गडद काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरलेली बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा, आणि हवेतला ऑक्सिजन सिट्रल, लिमोनिन, लिनालूल सगळ्यांना हळूहळू बदलत राहतो. लिनालूल आणि लिमोनिनची जी ऑक्सिडेशन झालेली रूपं होतात, त्यांनी कातडीला ॲलर्जी होऊ शकते. पातळ प्लॅस्टिकचे कॅन आणि रबरी बुचं वापरू नका, तेल ती खातं आणि त्यांचं द्रव्य तेलात येतं. दालचिनीच्या सालीचं तेल आणि लवंगेचं तेल हाताला लागलं तर भाजल्यासारखं होतं. मोजे घाला, आणि ही तेलं मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा.

तपासणीचा कागद वाचताना

गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातली द्रव्यं सुटी करून मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यात ‘सिट्रल’ हा शब्दच नव्हता आणि माझ्या पोटात गोळा आला. सिट्रल म्हणजे जिरॅनिअल आणि नेरल या दोन जुळ्या द्रव्यांचं मिश्रण. अहवालात ती वेगवेगळ्या ओळींवर येतात, जिरॅनिअल जास्त आणि नेरल त्याहून कमी. दोन्हींची बेरीज करा. मायर्सिनचा आकडा मोठा दिसला तर बेणं तपासा. जिरॅनाइल ॲसिटेट जास्त दिसलं तर पात कोवळी कापली का ते आठवा. सगळ्या ओळींची बेरीज 85-90 च्या पुढे जात नसेल तर बरीचशी द्रव्यं ओळखलीच गेलेली नाहीत, प्रयोगशाळेला विचारा. आणि दोन अहवालांची तुलना एकाच प्रयोगशाळेच्या असतील तरच करा.

हे आठवायचं तर वही लागते. आमच्या वहीत प्रत्येक घाण्याला एक ओळ आहे: कापणीची तारीख आणि वेळ, मागची कापणी किती दिवसांपूर्वी, आदल्या तीन दिवसांचा पाऊस, किती तास सुकवलं, गवताचं वजन, आग केव्हा पेटवली, केव्हा विझवली, तेल किती, रंग कसा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सुकवण्याची वेळ बदलली तर भट्टीची वेळ तीच ठेवायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही. आणि प्रत्येक घाण्याची 10 मिलीची एक बाटली, गळ्यापर्यंत भरून, घाण्याचा क्रमांक लिहून, अंधाऱ्या कपाटात ठेवायची. खरेदीदाराची तक्रार आली की ती बाटली काढून तपासायला पाठवता येते.